दोनशे तीस किलोमीटर ऊन

सूर्य जागचा हलत नाही, पृथ्वी फिरते, हे मी सरकारी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्या एकतीस वर्षांत माझं आणि सूर्याचं कधी वाकडं आलं नाही. तो त्याच्या जागी, मी माझ्या खुर्चीवर. निवृत्त झाल्यावर मात्र त्याच्याकडून थोडं घरकाम करून घ्यावं असं माझ्या मनात आलं, आणि तिथून आमचं बिनसलं.

निमित्त लिनीचं. लिनी माझी एकुलती एक मुलगी, आयर्लंडमध्ये नर्स आहे. बावीस मार्चला ती बारा दिवसांसाठी येणार होती. फोनवर तिने मला त्या बारा दिवसांची वाटणी वाचून दाखवली. चार दिवस सासरी कोट्टयमला. दोन लग्नं, एक बारसं. दोन दिवस दात, कारण दात तिकडे परवडत नाहीत. एक दिवस बँक, एक दिवस नणंद. उरलेल्या एका दिवसात मी होतो, पण माझ्याबरोबर घराची साफसफाईही होती, आणि मला ठाऊक आहे की या दोघांत साफसफाईच वरचढ ठरते.

मी भूगोलाचा माणूस असल्यामुळे नकाशा काढून बसलो. विमानतळ ते आमचं घर एकशे पंधरा किलोमीटर. रस्त्याला गर्दी धरली तर तीन तास. तीन तास ती गाडीत माझ्या शेजारी बसणार. तिथे सासू नाही, नणंद नाही, दात नाही. दार उघडून जाणार तरी कुठे? बारा दिवसांतले हे तीन तास तेवढे माझे, असं मी ठरवून टाकलं.

‘‘अप्पा, टॅक्सी करते ना मी,’’ लिनी म्हणाली.

‘‘टॅक्सी कशाला? घरची गाडी आहे. उन्हावर चालते,’’ मी म्हणालो.

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. शेजारच्या गावातले एक डॉक्टर ऑस्ट्रेलियाला मुलाकडे कायमचे निघाले होते, त्यांची छोटी विजेची गाडी मी महिन्यापूर्वी घेतली होती. आमच्याकडे कुणी ना कुणी कायमचं निघालेलंच असतं, त्यामुळे जुन्या वस्तू चांगल्या मिळतात. दुसरं वाक्य मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. आणि शिक्षकाच्या तोंडून निघालेलं वाक्य खरं करून दाखवायची जबाबदारी त्याचीच असते. पुढच्या रविवारी चर्चबाहेर मी तेच वाक्य आणखी अकरा जणांना सांगितलं, म्हणजे परतीचे दोर मीच कापले.

तशी मी आधी साधी वाटही चोखाळून पाहिली होती. घरातल्या सॉकेटला गाडी लावली. पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरातून असा वास आला, जो शोशाम्माच्या हयातीत त्या स्वयंपाकघरातून कधीही आला नव्हता. शोशाम्मा माझी बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली. सॉकेट काळं पडलं होतं. वायरमन बिनोयने ते काढून माझ्या हातात ठेवलं.

‘‘सर, हे वायरिंग चौऱ्याऐंशी सालचं. याच्यावर पंखे फिरतात हीच कृपा समजा. गाडीला वेगळं जोरदार कनेक्शन घ्यावं लागेल.’’

म्हणून मी विजेच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट केला.

‘‘मीटर शोशाम्मा पोथन यांच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल.’’

‘‘त्या चर्चच्या आवारात आहेत.’’

‘‘मग बोलावून घ्या ना. आम्ही साडेचारपर्यंत आहोत.’’

‘‘त्या आवारात आत आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘बऱ्याच आत. तीन वर्षं झाली.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खरोखर मनापासून ‘‘सॉरी, सर,’’ म्हटलं आणि मला नवीन कागद दिला. मीटर माझ्या नावावर करायचं तर सगळ्या वारसांची समक्ष संमती हवी. वारस दोन, मी आणि लिनी. म्हणजे लिनी आल्याशिवाय कनेक्शन नाही आणि कनेक्शनशिवाय लिनीला आणायला जाता येत नाही. मुलांना मी ऋतुचक्र समजावून सांगत असे, पण हे चक्र मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

यावर तोडगा बिनोयनेच काढला. गच्चीवर पॅनेलं बसवायची, खाली एक पेटी, पेटीतून वायर थेट गाडीत. घराच्या वायरिंगशी संबंध नाही, मीटरशी नाही, ऑफिसशी नाही.

‘‘सूर्याला कुणाची सही लागत नाही, सर,’’ तो म्हणाला. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी भाव केला नाही.

पॅनेलं टेम्पोतून आली, पाच. मी आणि बिनोय ती उतरवत असताना नाक्यावरचे चार हमाल येऊन व्हरांड्याच्या कठड्यावर बसले. आमच्याकडे पूर्वी असा रिवाज होता, की माल दुसऱ्याने उतरवला तरी हमालांना नुसतं बघण्याची मजुरी द्यायची. कायद्याने ती आता बंद झाली, पण बघायची सवय काही गेलेली नाही. बिनोय त्यांना हुसकावून लावणार होता. मी चहा टाकला. माझ्या व्हरांड्यात एकाच वेळी चार माणसं बसलीत, हे दृश्य मला शोशाम्माच्या चाळीसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर पहिल्यांदाच दिसत होतं. एक जण म्हणाला, ‘‘सर, डावीकडचं जरा तिरकं वाटतंय.’’ तिरकं नव्हतं. तरी मी ते दोनदा हलवायला लावलं, म्हणजे ते आणखी अर्धा तास बसले.

आता शेजारी. सुभेदार वर्गीस सैन्यातून निवृत्त झाले आहेत, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कुंपणापलीकडून त्यांनी पाहणी केली.

‘‘पोथन, तुझी दिशा चुकली.’’

‘‘दक्षिणेकडे तोंड आहे, सुभेदार. अक्षांश नऊ, कोन दहा अंश. विषुवदिन जवळ आलाय. मी आयुष्यभर हेच शिकवलं.’’

‘‘आणि माझा माड?’’

त्यांचा माड मी हिशेबात धरला नव्हता. अक्षांश, रेखांश, क्रांतिवृत्त सगळं धरलं होतं. साडेदहाला त्या गच्चीवर झुकलेल्या माडाची सावली गच्चीच्या निम्म्या भागावर येऊन बसत असे आणि दिवसभर तिथेच रेंगाळत असे. मी त्यांना माड जरा तोडता येईल का, असं अदबीने विचारलं.

‘‘माड वाकलाय, मी नाही वाकणार,’’ सुभेदार म्हणाले आणि घरात गेले.

तेव्हा गच्चीवर भरपूर ऊन मिळणारा जो एकच चौकोन उरला होता, त्यात मी पाचही पॅनेलं हलवून बसवली. त्या चौकोनाचा आधीपासून कुणी मालक असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

थेट उन्हावर गाडी भरायची तर तिचे मानापमान सांभाळावे लागतात. ऊन थोडं जरी कमी झालं की ती घेणंच बंद करते. थोडं थोडं घेते असं नाही, एकदम बंद. एखादा ढग आला की पेटीतून ‘टक्’ असा आवाज, ढग गेला की पुन्हा ‘टक्’. मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचो आणि टक् मोजायचो. शिवाय बिनोयने एक अट सांगितली होती, ऊन असताना गाडी घरी हवी. आणि ऊन गेल्यावर मला मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांचे गोळे दिसतात. थोडक्यात, पाय मोकळे व्हावेत म्हणून मी गाडी घेतली आणि पूर्वीपेक्षा जास्त घरी बसू लागलो. आधी निदान दुपारी वाचनालयात जात असे. आता वाचनालयातले लोक विचारायला लागले, की सर आजारी आहेत का. विचारायला लागले असं सुभेदारांनी मला सांगितलं. प्रत्यक्ष विचारायला कुणी आलं नाही.

पण आकडा चढत होता. दहा, सव्वीस, बेचाळीस. गाडी पूर्ण भरली की दोनशे चाळीस किलोमीटर जाते. जाऊन-येऊन दोनशे तीस, उरलेले दहा देवाच्या मर्जीवर. सोळा तारखेला संध्याकाळी आकडा चौसष्ट होता. मी लिनीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

सतरा तारखेला कडक ऊन पडलं आणि आकडा झाला पासष्ट. अठराला त्याहून कडक ऊन, तरी पासष्टच. टक् एकदाही नाही. मी बिनोयला बोलावलं. त्याने पेटी उघडली, वायर तपासली, गाडीचं तोंड तपासलं, फुंकर मारली. सुभेदारांनी कुंपणावरून सांगितलं, की चिनी माल आहे. पेटीवर ‘कोइंबतूर’ असं छापलेलं मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, तेच तर चिनी लोक करतात. त्या दिवशी आम्ही तिघांनी सगळं तपासलं. गच्चीवर तेवढं कुणी गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा डोक्यावरच होता.

एकोणीसला सकाळी दहाच्या सुमारास मला गच्चीच्या बाहेरच्या जिन्यावर पावलं ऐकू आली. वर गेलो, तर एलिअम्मा चेडत्ती, म्हणजे थोरल्या ताई. या आमच्या पलीकडच्या घरात राहतात, वय सत्त्याहत्तर. गुडघ्यांमुळे चर्चमध्ये त्यांच्यासाठी खास उंच खुर्ची ठेवलेली आहे. त्या चोवीस पायऱ्या चढून, कमरेवर टोपली घेऊन उभ्या होत्या आणि माझ्या पाचही पॅनेलांवर उकडलेल्या कच्च्या फणसाचे गरे अगदी ओळीने मांडत होत्या.

‘‘चेडत्ती!’’ मी ओरडलो. ‘‘हे काय करताय?’’

‘‘फणस वाळवतेय. तुला दिसत नाही होय?’’

‘‘पण हे सौर पॅनेल आहे!’’

‘‘चांगलं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काच तापते छान. उतार आहे, पाणी निथळतं. चटईवर चार दिवस लागायचे, इथे दोन दिवसांत कुरकुरीत होतात. मी परवाच मनात म्हटलं, पोथनला बाई सुचलं कसं!’’

मग उलगडा झाला. माडाच्या सावलीतून सुटलेला तो उन्हाचा चौकोन चाळीस वर्षं चेडत्तींच्या वाळवणाचा होता. त्यांच्या अंगणात रबराची झाडं, ऊन पडत नाही. शोशाम्माने त्यांना जागा दिली होती. मिरी, जायफळ, फणस, सगळं माझ्या डोक्यावर वाळत होतं आणि मला कधी कळलं नव्हतं. त्या चौकोनावर मी पाच उंच, स्वच्छ, तिरक्या काचा बसवल्या, तेव्हा चेडत्तींनी सरळ अर्थ काढला. शोशाम्मा गेल्यावर तिच्या नवऱ्याने आपली आठवण ठेवून वाळवणाचं टेबल करून दिलं. मला हार घालायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं होतं.

‘‘चेडत्ती, एक पॅनेल झाकलं तरी पाचही रुसतात. लिनी बावीसला येतेय. मला गाडी भरायचीय.’’

‘‘लिनीसाठीच तर हे. म्हणजे लिनीबरोबर पाठवायला. माझा सनी तिच्याच गावाजवळ आहे ना? त्याला हे भातावर लागतं.’’

‘‘मग बावीसनंतर वाळवा की.’’

‘‘उकडून झालंय, पोथन. आता थांबलं तर आंबेल.’’ त्या कठड्यावर बसल्या. गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘सनी सात वर्षं आला नाही. तुझी मुलगी तरी येते. माझा फणस तरी जाऊ दे.’’

एकोणीस आणि वीस या दोन दिवसांचं ऊन मी फणसाला दिलं. दोन्ही दिवस खुर्ची घेऊन गच्चीवर बसलो आणि कावळे हाकलले. गाडी खाली उपाशी उभी होती.

एकवीसला सकाळी टोपली भरून चेडत्ती खाली गेल्या. जाताना म्हणाल्या, ‘‘शोशाम्मापेक्षा तू जास्त मनाचा मोठा निघालास.’’ हे खोटं आहे, पण मी खोडून काढलं नाही. मग मी पॅनेलं पाहिली. पाचही काचांवर फणसाचा चीक. पाण्याने जाईना, साबणाने जाईना. सुभेदार म्हणाले, चिकावर खोबरेल तेल. फणस कापणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, म्हणून मी तेल चोळलं. चीक गेला, तेल राहिलं. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून खडीचे दोन ट्रक गेले आणि सगळी धूळ माझ्या पॅनेलांना येऊन चिकटली. साडेअकरापर्यंत मी लुंगी खोचून, बेसन लावून पाच काचांना न्हाऊ घालत होतो. लिनी लहान असताना तिला सुद्धा मी एवढं चोळून आंघोळ घातली नव्हती. ते काम शोशाम्मा करायची.

त्या दिवशी संध्याकाळी आकडा ऐंशीवर थांबला. ऐंशी म्हणजे एकशे ब्याण्णव किलोमीटर. अडतीस किलोमीटर कमी. त्या अडतीस किलोमीटरचा फणस झाला होता.

सुभेदार म्हणाले, ‘‘टॅक्सी सांग. उगाच वाटेत अडकशील, हसं होईल.’’ वाटेत चार्जिंगचं ठिकाण आहे हे मला फोनवर दिसत होतं. पण चर्चबाहेरच्या अकरा जणांना मी ‘फक्त उन्हावर’ असं सांगितलं होतं. रात्रभर माझा मान आणि ते तीन तास यांचा झगडा चालला. सकाळी सहाला मी मान घरी ठेवून निघालो.

विमान साडेअकराला उतरलं. लिनी दोन मोठ्या बॅगा ढकलत बाहेर आली. थोडी बारीक झाली होती. मला पाहून तिचे डोळे भरले आणि लगेच ती रागावली.

‘‘अप्पा, खरंच आलात! या वयात एवढ्या लांब! कुणाला तरी आणायचं ना बरोबर.’’

‘‘कुणाला?’’ मी विचारलं. तिने बॅगा आत टाकल्या.

ती माझ्या शेजारी बसली. मी सांगायच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या होत्या. चाळीस वर्षं आमच्या गच्चीवर काय वाळत होतं ते. विजेच्या ऑफिसातल्या बाईंचं. तिच्या आईच्या कपाटाचं मी अजून काहीच केलेलं नाही, ते. गाडी सुरू झाली.

‘‘अय्या, आवाजच नाही हिला,’’ लिनी म्हणाली, आणि तिचा फोन वाजला. सासूबाई. पोचलीस का, खाल्लंस का, कधी येतेस, मासे आणून ठेवलेत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं, तसं ते घोडं फोनमधूनच आमच्या गाडीत शिरलं आणि पेरुंबावूरपर्यंत बसून राहिलं. मग दातांच्या डॉक्टरांचा फोन. मग तिने ‘‘पाच मिनिटं हं, अप्पा,’’ म्हणून मान मागे टेकली. ती रात्रपाळी करून विमानात बसली होती. मूवाट्टुपुळा आलं, कूत्ताट्टुकुळम आलं, ती उठली नाही. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे तिचा श्वास ऐकू येत होता. हॉर्न वाजवावा लागू नये म्हणून मी बसच्या मागे मागे चालवत राहिलो. माझ्या तीन तासांतले दोन असे गेले.

कुरविलंगाडच्या पुढे एका हॉटेलपाशी आकडा लाल झाला. तिथे अंगणात चार्जिंगची दोन यंत्रं होती. मालक कमरेचं मुंडू सावरत बाहेर आले.

‘‘या, साहेब. हे नवीन जलद आहे, वीस मिनिटांत तुमचं काम होईल. तो कोपऱ्यातला जुना डबा आहे, दोन तास घेतो. आता तो कुणी वापरत नाही.’’

तीन आठवडे मी देवाकडे वेग मागत होतो. मी मागे वळून गाडीत पाहिलं.

‘‘जुन्याला लावा,’’ मी म्हणालो.

‘‘साहेब, दोन तास!’’

‘‘मी ऐकलंय. जुन्याला लावा.’’

गाडी थांबल्यामुळे लिनी जागी झाली. बाहेर येऊन तिने आळस दिला. ‘‘किती वेळ लागेल?’’

‘‘दोन तास.’’

‘‘दोन तास? अप्पा, ते दुसरं यंत्र आहे ना?’’

‘‘बिघडलंय,’’ मी म्हणालो. हॉटेलमालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चहाच्या भांड्याकडे पाहिलं.

आम्ही फणसाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. चहा आला, केळ्याची भजी आली. लिनी फोनवर कुणाला तरी उशीर होणार असं लिहीत होती. मी बोलायला सुरुवात करणार होतो, पण नेमकी कशाने करावी ते सुचेना. इतके दिवस मनात लावून ठेवलेल्या गोष्टींतली एकही हाताला लागेना. एवढ्यात एक निळी गाडी आली, त्या बिघडलेल्या यंत्राला लागली, तिच्यातल्या माणसाने एक सिगरेट ओढली, एक फोन केला, आणि वीस मिनिटांत गाडी निघून गेली.

लिनीने ते सगळं पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी बशीतलं शेवटचं भजं तिच्याकडे सरकवलं. तिने ते घेतलं नाही.

‘‘अप्पा,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही दिवसभर काय करता?’’

‘‘गाडी चार्ज करतो,’’ मी म्हणालो.

ती हसली. हसता हसता थांबली. मग तिने फोन बंद करून पिशवीत टाकला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि मालकांना हाक मारून सांगितलं, ‘‘आणखी दोन चहा. आम्हाला घाई नाही.’’